पॅनक्रियाज बर्फात किती तास टिकतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओझरतं लिहिलं होतं की डोनरच्या स्वादुपिंडातून, म्हणजे पॅनक्रियाजमधून, इन्सुलिनच्या पेशी काढून डायबेटिसच्या पेशंटला देतात. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी थायरॉइड, गुडघे, केस गळणं सगळं बाजूला ठेवलंय आणि फक्त हाच विषय घेतलाय. थायरॉइडवाल्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी १३ वर्षांची आहे, सातव्या वर्षापासून टाइप १ आहे, दिवसाला चार इंजेक्शनं. आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय की वारलेल्या माणसाच्या पॅनक्रियाजमधल्या पेशी लिव्हरमध्ये सोडतात आणि इन्सुलिन कायमचं बंद होतं. खरं आहे का? आणि खरं असेल तर किडनीसारखं सगळीकडे का होत नाही?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, व्हिडिओत दाखवलंय ते होतं, पण 'कायमचं' हे त्यांनी पदरचं घातलंय.

पॅनक्रियाजचा बहुतेक भाग पचनाचे रस बनवतो, आणि त्यात जागोजागी विखुरलेले दहा लाखांच्या आसपास बारीक पुंजके असतात, त्यांना आयलेट म्हणतात. इन्सुलिन तिथे बनतं. सगळे मिळून वजनाने जेमतेम एक-दोन टक्के. टाइप १ मध्ये आपलीच प्रतिकारशक्ती या आयलेटमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, मग दुसऱ्याचे आयलेट आणून लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत, म्हणजे पोर्टल व्हेनमध्ये, नळीने सोडायचे, ते लिव्हरमध्ये अडकून राहतात आणि तिथेच काम सुरू करतात. पोट उघडावं लागत नाही. २००० साली कॅनडातल्या एडमंटनला जेम्स शपिरो आणि त्यांच्या टीमने सात पेशंटना असे आयलेट दिले आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं, तेव्हा जगभर गाजावाजा झाला कारण त्याआधी दहातल्या एकाचंही वर्षभर सुटत नव्हतं. पण तीच पद्धत मग नऊ केंद्रांत ३६ जणांवर करून पाहिली, २००६ ला निकाल आला: शेवटच्या डोसनंतर एका वर्षाने १६ जण इन्सुलिनशिवाय होते, दोन वर्षांनी त्या १६ मधले फक्त ५. नंतर आकडे सुधारलेत, तरी 'कायमचं' असं कोणी जबाबदार माणूस आजही म्हणणार नाही. आणि इन्सुलिन परत सुरू झालं तरी बऱ्याच जणांना फायदा राहतो, कारण थोडे आयलेट जिवंत असले तरी शुगर एकदम खाली कोसळणं थांबतं, आणि खरं सांगायचं तर हा उपचार मुळात त्यासाठीच आहे, ज्यांना हायपो, म्हणजे शुगर कोसळणं, होतोय ते कळतच नाही आणि चालता चालता बेशुद्ध पडतात अशा मोठ्या माणसांसाठी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, किडनीसारखं का नाही. मला विचाराल तर हाच खरा प्रश्न आहे, आणि व्हिडिओवाले नेमका तोच गाळतात. किडनी बर्फात चोवीस तास राहिली तरी बहुतेक वेळा चालते. पॅनक्रियाजचं तसं नाही, त्याच्या पोटातच प्रोटीन पचवणारी एन्झाइम्स भरलेली असतात, जिवंतपणी ती कुलूपबंद असतात, पण रक्त थांबलं ऑक्सिजन संपला की पेशी फुटायला लागतात, एन्झाइम्स मोकळी होतात आणि अवयव स्वतःलाच पचवायला लागतो. मटणाला कच्ची पपई लावून ठेवल्यावर जे होतं तेच, फक्त इथे पपई आतच आहे. त्यातून आयलेट म्हणजे ऑक्सिजनचे भारी खादाड, वजनाने एक-दोन टक्के असून पॅनक्रियाजच्या रक्तातला दहा-पंधरा टक्के वाटा तेच घेतात, म्हणून पहिला फटका त्यांना बसतो. त्यामुळे डोनरच्या शरीरातून बाहेर काढल्यापासून लॅबमध्ये काम सुरू होईपर्यंत आठ तासांच्या आत, फार तर बारा, असा हिशेब ठेवतात. त्या वेळात दुसऱ्या शहरातून विमान, अॅम्ब्युलन्स, लॅबची टीम झोपेतून उठवणं, सगळं आलं.

तुमच्या लेकीसाठी सध्या हे नको. आयलेट घेतले की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज, आयुष्यभर, आणि त्यातलं टॅक्रोलिमस हे किडनीलाही त्रास देतं आणि गंमत म्हणजे इन्सुलिनच्या पेशींनाही. तेराव्या वर्षी इंजेक्शनच्या बदल्यात ही औषधं हा सौदा तोट्याचा आहे. तेवढ्या पैशात आणि काळजीत शुगरचा सेन्सर बसवा, जमलं तर इन्सुलिनचा पंप बघा.

प्रश्न : सर/मॅडम, मी एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीला आहे. सेमिनारसाठी वाचताना 'टू-लेयर मेथड' सापडली, पॅनक्रियाज दोन द्रवांच्या मध्ये तरंगत ठेवतात आणि त्याला ऑक्सिजन मिळत राहतो. एका पेपरमध्ये खूप चांगले रिझल्ट आहेत, दुसऱ्यात काहीच फायदा नाही असं लिहिलंय. नक्की काय मानायचं?
— विद्यार्थी, नांदेड

उत्तर : दोन्ही मान, सांगतो का ते. (आणि 'सर' पुरे, स्लॅश नको.)

आधी नेहमीची पद्धत बघ. डोनरच्या महाधमनीतून थंडगार द्रव सोडून रक्त धुऊन काढतात आणि अवयव त्याच द्रवात बुडवून बर्फात ठेवतात. हा द्रव म्हणजे यूडब्ल्यू सोल्यूशन, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी १९८० च्या दशकात बनवलेलं. त्यात लॅक्टोबायोनेट, रॅफिनोज अशी मोठे मोठे रेणू असलेली साखरेच्या घराण्यातली द्रव्यं आहेत, ती पेशीत शिरत नाहीत त्यामुळे थंडीत पेशी पाणी पिऊन फुगत नाही. पण एक गोष्ट त्यात नाही, ऑक्सिजन. थंडीमुळे पेशीची भूक कमी होते, बंद होत नाही, म्हणून साठवलेली ऊर्जा, म्हणजे एटीपी, हळूहळू संपतच जाते.

जपानमध्ये कोबे विद्यापीठात कुरोदा यांनी १९८८ मध्ये यावर डोकं लढवलं. परफ्लुओरोकार्बन नावाचा द्रव असतो, पारदर्शक, पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, त्यात ऑक्सिजन पाण्यापेक्षा वीसेक पट जास्त विरघळतो. बरणीत खाली तो, वर यूडब्ल्यू, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि पॅनक्रियाज बरोबर मधल्या रेषेवर येऊन बसतं. खालून ऑक्सिजन, वरून पोषण. कुत्र्याच्या पॅनक्रियाजवर निकाल इतके सुंदर आले की २००० नंतर एडमंटन, मिनेसोटा, मायामी सगळ्यांनी हे उचललं, आणि सुरुवातीला माणसाच्या पॅनक्रियाजमधूनही आयलेट जास्त निघतायत असं दिसलं, वयस्कर डोनरचे जे कोणी घेत नव्हतं तेही वापरता येतील अशी आशा वाटली. मग तपासलेल्या पॅनक्रियाजचा आकडा वाढला. एडमंटननेच २००६ मध्ये दीडशेहून जास्त पॅनक्रियाजची तुलना छापली, पुढच्या वर्षी स्वीडनच्या उप्सालातून तसाच मोठा अभ्यास आला, आणि दोघांनाही साध्या यूडब्ल्यूपेक्षा वेगळं काही सापडलं नाही.

का? मिनेसोटात पापास आणि मंडळींनी जे मोजलं त्यात याचं उत्तर आहे, सेमिनारमध्ये हे नक्की घाल. बाहेरून लागलेला ऑक्सिजन टिश्यूमध्ये जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतो. माणसाचं पॅनक्रियाज दीड-दोन सेंटिमीटर जाड, वर चरबीचं कव्हर. म्हणजे कातडीला ऑक्सिजन मिळाला आणि गाभा उपाशीच राहिला. छोट्या प्राण्याचं पॅनक्रियाज पातळ असतं, तिथे तोच एक मिलिमीटर बराच भाग व्यापतो, म्हणून तिथे जादू दिसली. शिवाय कुरोदांच्या मूळ पद्धतीत ऑक्सिजन सतत बुडबुडत ठेवायचा होता, नंतर प्रवासात सोपं पडावं म्हणून बऱ्याच ठिकाणी आधीच ऑक्सिजन भरून बरणी बंद करून पाठवायला लागले, तो किती वेळ पुरणार. माझं मत विचारशील तर कल्पनेत खोट नव्हती, ऑक्सिजन आत न्यायचा दरवाजा चुकला.

त्यामुळे आता लोक रक्तवाहिन्यांतूनच तो आत न्यायच्या मागे आहेत. एक म्हणजे पर्सफ्लेशन, ओलसर केलेला ऑक्सिजन वायू थेट धमनीतून आत सोडायचा. दुसरं मशीन परफ्यूजन, थंड द्रवात ऑक्सिजन मिसळून पंपाने हळूहळू फिरवत ठेवायचा, किडनी आणि लिव्हरसाठी हे रोजच्या वापरात आलंय, पॅनक्रियाजसाठी नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगन आणि लायडनला चांगलं काम झालंय. अडचण अशी की पॅनक्रियाज नाजूक, दाब जरा जास्त झाला की सुजतं, म्हणून दाब अगदी कमी ठेवावा लागतो. आणि एक फुकटातला उपाय आहे तो कोणी सेमिनारमध्ये सांगत नाही: डोनरच्या ऑपरेशनमध्ये लिव्हर काढून होईपर्यंत पॅनक्रियाज पोटातच पडून असतं आणि तोवर कोमट होत जातं. एडमंटनच्या लोकांनी आत थर्मामीटर घालून हे मोजलं, मग पॅनक्रियाजच्या भोवती बर्फाचा चुरा भरून बघितला, आणि आयलेट जास्त निघाले. बर्फाचा चुरा! मशीनच्या आधी हे करा ना.

प्रश्न : मी मूळची नाशिकची, आता कॅनडात असते. मिस्टर आयलेट ट्रान्सप्लांटच्या लिस्टवर आहेत. फोन येतो डोनर मिळालाय, तयार राहा, आम्ही सगळं आवरून बसतो, आणि दुसऱ्या दिवशी सांगतात रद्द. कारण विचारलं तर 'यील्ड कमी आला' एवढंच. हे काय असतं? आमचा नंबर कोणी मध्येच घेतं का?
— एक वाचक, कॅनडा

उत्तर : नाही हो, नंबर कोणी घेत नाही. यील्ड म्हणजे एका पॅनक्रियाजमधून हाती आलेले आयलेट. त्या रात्री लॅबमध्ये काय चाललेलं असतं ते सांगतो म्हणजे राग थोडा कमी होईल.

पॅनक्रियाजचा डबा आला की आधी वरची चरबी आणि ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा, तुकडा काढतात, मग मधल्या नलिकेत बारीक नळी घालून कोलॅजिनेज नावाचं, टिश्यू सुटा करणारं एन्झाइम भरतात, पॅनक्रियाज फुग्यासारखं टम्म होतं. नीट फुगलं नाही, कुठून गळलं, तर तिथेच अर्धी लढाई हरली. मग तुकडे करून ते रिकॉर्डी चेंबरमध्ये टाकतात, कामिलो रिकॉर्डी यांनी १९८८ मध्ये काढलेली पद्धत आहे ही, स्टीलचं भांडं, आत गोळ्या, वर जाळी, ३७ अंशांचा द्रव फिरतोय आणि भांडं हलवत राहायचं. दर थोड्या वेळाने एक थेंब काढून त्यात डिथायझोन टाकतात, आयलेटमध्ये झिंक असतं म्हणून ते लालभडक होतात आणि बाकी टिश्यू पिवळट राहतो. मायक्रोस्कोपला डोळा लावून एक माणूस ठरवतो की लाल ठिपके मोकळे झाले का अजून पिवळ्यात अडकलेत, लवकर थांबवलं तर अडकलेले राहतात, उशीर झाला तर आयलेटच विरघळतात, आणि थांबवायची वेळ घड्याळ सांगत नाही, त्या माणसाची नजर सांगते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये घनतेवर आयलेट वेगळे करायचे, मोजायचे, एक ते तीन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवून तपासायचे.

आता हिशेब. पेशंटच्या दर किलोमागे निदान ५,००० आयलेट लागतात, मिस्टर ७० किलोचे धरले तर साडेतीन लाख. पॅनक्रियाजमध्ये दहा लाख असले तरी या सगळ्या मारामारीत तेवढे हाती येतातच असं नाही, चांगल्या चांगल्या केंद्रांतही निम्म्याच्या आसपास वेळा आकडा भरत नाही आणि रद्द करतात. इन्सुलिन पूर्ण सुटायला किलोमागे दहा हजार धरतात, म्हणूनच बऱ्याच पेशंटना दोन डोनर लागतात. त्यातही दिलेल्यातले निम्मे किंवा जास्त पहिल्या काही दिवसांतच रक्तात गुठळ्या-सूज होऊन मरतात, म्हणजे कमी दिले तर काहीच उरत नाही. त्यांनी रद्द केलं ते मिस्टरांच्या भल्यासाठीच, विनाकारण औषधं सुरू झाली असती आणि पदरात काही पडलं नसतं.

पुढच्या वेळी विचारून बघा, डोनर किती लांबचा होता, बर्फात किती तास गेले, डोनर किती वयाचा. अगदी तरुण डोनरचे आयलेट आजूबाजूच्या टिश्यूत घट्ट रुतलेले असतात, निघतच नाहीत, थोडा जाडसर मध्यमवयीन डोनर असला तर लॅबवाले खूश. पूर्ण पॅनक्रियाज बसवणाऱ्या सर्जनला नेमका उलटा हवा असतो, तरुण आणि सडपातळ.

प्रश्न : माझ्या मुलाला टाइप १ आहे. एवढा बर्फ आणि प्रवास कशाला, मी माझं अर्धं पॅनक्रियाज देतो, शेजारच्या खोलीतून लगेच काढून द्या. असं होतं का?
— एक वडील, पुणे

उत्तर : झालंय. जानेवारी २००५ मध्ये जपानला क्योटोत ५६ वर्षांच्या आईच्या पॅनक्रियाजचा जवळजवळ अर्धा भाग काढून त्यातले आयलेट २७ वर्षांच्या मुलीला दिले. बर्फात ताटकळणं नाही, काही तासांत काम उरकलं, आणि अर्ध्या अवयवातून चार लाखांच्या आसपास आयलेट निघाले, जे डोनरच्या अख्ख्या पॅनक्रियाजमधूनही कैकदा निघत नाहीत. तीन आठवड्यांनी मुलीचं इन्सुलिन बंद झालं. वेळ किती महत्त्वाचा ते यातून दिसतं. पण त्या मुलीचा डायबेटिस पॅनक्रियाजच्या जुन्या सुजेमुळे झालेला होता, तुमच्या मुलासारखा टाइप १ नाही, तुमचे आयलेट त्याच्या शरीराने पुन्हा मारायला सुरुवात केली तर ते थोपवायचं आहे. आणि अर्धं पॅनक्रियाज गेल्यावर उद्या तुम्हालाच डायबेटिस झाला तर घरात दोन पेशंट. म्हणून ही वाट फारशी कोणी धरली नाही.

स्वतःचेच आयलेट स्वतःला परत देणं मात्र चालतं, क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसमध्ये, म्हणजे पॅनक्रियाजच्या जुन्या सुजेत, दुखण्याने हैराण पेशंटचं पूर्ण पॅनक्रियाज काढून त्याचेच आयलेट त्याच्या लिव्हरमध्ये सोडतात, १९७७ मध्ये मिनेसोटात सुरू झालं. तिथे प्रतिकारशक्तीची औषधं लागत नाहीत, माल आपलाच.

प्रश्न : वय ६८, बावीस वर्षं शुगर आहे, गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. मला हे आयलेट मिळतील का? आणि मी गेल्यावर माझं पॅनक्रियाज कोणाच्या उपयोगी पडेल का?
— निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : काका, दोन्हीला नाही. तुमचा टाइप २, त्यात आयलेट आहेत पण शरीर त्यांचं ऐकत नाही, आणि जगात डोनर इतके कमी की ते टाइप १ वाल्यांनाच पुरत नाहीत. डायबेटिस असलेल्याचं पॅनक्रियाजही घेत नाहीत. पण डोळ्यांचे कॉर्निया द्या, शुगर आड येत नाही, घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. आणि मुलांना, जावयांना अवयवदानाचा फॉर्म भरायला सांगा. आपल्याकडे मेंदूमृत डोनरच्या किडन्या आणि लिव्हर घेतात, पॅनक्रियाज मात्र बहुतेक वेळा तसंच राहून जातं. ते घ्यायला टीम आणि लॅब लागते हे खरं, पण घरच्यांनी होच म्हटलं नाही तर पुढचं सगळं तिथेच संपतं.

प्रश्न : आमच्या शहरात एका क्लिनिकची जाहिरात आहे, स्टेमसेलने शुगर मुळापासून बरी, तीन सिटिंग, हप्त्याची सोय. घ्यावं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नको. आयसीएमआर, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेमसेल फक्त नोंदणीकृत ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. त्यांच्याकडे सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणीचा नंबर मागा, गप्प बसतील.

स्टेमसेलपासून बनवलेले खरे आयलेटही आहेत, गोंधळ करू नका. व्हर्टेक्स कंपनीच्या ट्रायलचे निकाल जून २०२५ मध्ये आले, पूर्ण डोस घेतलेल्या १२ पैकी १० जणांचं वर्षाने इन्सुलिन बंद होतं. डोनरची वाट बघायला नको हा त्याचा मोठा गुण, पण प्रतिकारशक्ती दाबायची औषधं तिथेही आहेतच, आणि त्या ट्रायलमध्ये एक पेशंट मेंदूच्या आवरणाला फंगसचा संसर्ग होऊन गेला. हप्त्याची सोय कोणी दिली नव्हती.

प्रश्न : आयव्हीएफमध्ये गर्भ वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात. मग पॅनक्रियाज का गोठवत नाहीत? घाईच संपेल.
— एक वाचक, पणजी

उत्तर : अख्खं पॅनक्रियाज गोठवलं की आतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. ते टाळायचं तर इतक्या वेगाने थंड करावं लागतं की स्फटिक व्हायला वेळच मिळू नये, आणि तो वेग फक्त बारीक वस्तूला देता येतो. आयलेट एक दशांश ते पाव मिलिमीटरचे, तिथे जमतं. मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ मध्ये हे करून दाखवलं: आयलेट नायलॉनच्या बारीक जाळीवर पसरायचे, जादाचा द्रव खालून शोषून घ्यायचा, आणि जाळी सरळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये. नऊ महिन्यांनी परत काढले तरी दहातले जवळजवळ नऊ जिवंत, आणि डायबेटिस केलेल्या उंदरांना दिल्यावर शुगर नॉर्मल. माणसांत हे रुळलं तर कॅनडाच्या बाईंना रात्री फोन येणार नाही, तीन-चार डोनरचे आयलेट साठवून, तपासून, पुरेसे झाले की तारीख देऊन बोलावता येईल. पण घाई संपेल असं नाही, ती डोनरपासून लॅबपर्यंतच्या आठ तासांत आहे आणि गोठवायचं काम त्यानंतर सुरू होतं.